टिनाखालचे घर गार कसे राहील?

एप्रिल महिना होता. वाशीम जिल्ह्यातील मंगरुळपीर तालुक्यात एका गावी आम्ही गेलो होतो. दुपारचे दोन वाजले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. एका घरापुढे निंबाचे झाड होते. झाडाखाली बाज टाकली होती. बाजेवर एक म्हातारी निजली होती. तिच्या अंगावर ओले लुगडे होते.

घरातून सून बाहेर आली. आम्ही विचारले, "आजीला बरे नाही काय?"

ती म्हणाली, "आता बरं आहे, गुरुजी. पण घरात थांबवत नाही. मांगच्या हप्त्यात घरातच गरगरून पडली. अंग तव्यावाणी तापलं होतं. तवापासून दुपारी इथंच बाज टाकतो."

आम्ही घरात गेलो. दारातच भट्टीसारखी झळ लागली. वर टिनाचे पत्रे होते. माळ्यावर सोयाबीनच्या बियाण्याची पोती होती. कोपऱ्यात कुलर घरघरत होता. दार-खिडक्या गच्च लावलेल्या होत्या. तरी सर्वांना घाम फुटला होता.

घरधनी म्हणाला, "पहिले कवेलूचं घर होतं. पण वानरं येत. कवेलू फोडत. दरसाल पावसाच्या आधी घर शाकारावं लागे. शाकारणारा माणूस भेटेना. म्हणून टीन टाकले. गळणं थांबलं. पण हे तापणं मांगं लागलं. उधारीनं कुलर घेतला. त्यानं अंगाले नुसती चिकचिक होते."

आपल्या भागात अशी घरे गावोगाव आहेत. टीन वाईट आहे असे नाही. ते हलके असते. लवकर बसते. पावसाला टिकते. पण टिनाला उन्हापासून राखावे लागते. ते कसे राखावे आणि त्याला पैसे किती लागतात, हे आज आपण पाहू.

ऊन घरात कसे येते?

चुलीवर लोखंडी उलथणे ठेवा. थोड्या वेळाने त्याचा दांडा हातात धरवत नाही. लाकडी डाव मात्र धरवतो. लोखंडातून उष्णता झटकन पलीकडे जाते. लाकडातून हळू जाते. टीन म्हणजे लोखंडाचाच पातळ पत्रा. वरून तापला की खालूनही तापला.

मे महिन्याच्या दुपारी उघडा पत्रा ६० अंशांहून जास्त तापू शकतो. असा पत्रा तव्यासारखी धग खाली टाकतो. धग अंगावर येते, बाजेवर येते, भिंतीवर येते. घरातली हवाही तापते. तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते. चुलीचा धूर वर जातो, तशीच. कवेलूच्या फटींतून ती निघून जात असे. टिनाला फट नाही. ती हवा आढ्याखाली कोंडून राहते. माळ्यावर चढून पाहा. तिथे श्वास घेववत नाही.

आपल्या शरीराची उष्णता सुमारे ३७ अंश असते. भोवतालची हवा त्याहून तापली, की शरीर फक्त घामाने थंड होते. म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो. तहानही कमी लागते. लहान मुले आपले दुःख सांगू शकत नाहीत. म्हणून उन्हाचा पहिला घाव त्यांच्यावर बसतो.

गुजरातमध्ये अहमदाबाद शहर आहे. तिथे २०१० सालच्या मे महिन्यात फार ऊन पडले. पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३०० हून जास्त माणसे मेली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उन्हापासून बचावाची योजना केली. पुढे तिथे गरिबांच्या घरांची छपरे पांढरी करण्याचे काम निघाले. आपल्या विदर्भात नागपूर शहरानेही २०१६ साली अशी योजना केली. तेलंगणा राज्याने तर २०२३ साली थंड छपरांचे धोरणच काढले. छपराचा प्रश्न जिवाचा आहे, हे आता सरकारेही मानतात.

यावर तीन कामे आहेत. ती या क्रमाने करावी. स्वस्त काम आधी, महाग काम मागून.

पहिले काम : ऊन परत पाठवा

उन्हात काळी घोंगडी तापते. पांढरे धोतर तितके तापत नाही. पांढरा रंग ऊन परत फेकतो. म्हणून छपराला वरून पांढरा रंग द्यावा. ठिकठिकाणी मोजून पाहिले आहे. पांढऱ्या छपराखाली घर २ ते ५ अंशांनी कमी तापते.

चुन्याने हे काम होते. विरवलेला चुना घ्यावा. तो पाण्यात कालवून गाळावा. त्यात पांढरा गोंद मिसळावा, म्हणजे तो पत्र्याला धरतो. पत्रा आधी धुऊन घ्यावा. दोन हात द्यावे. पहिला हात वाळला की दुसरा. चुना पावसात हळूहळू धुपतो. म्हणून दरसाल होळीच्या सुमारास हे काम करावे. बाजारात छपराचा पांढरा रंगही मिळतो. तो महाग असतो, पण काही वर्षे टिकतो.

जपून काम करा. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गेलाच, तर लगेच खूप पाण्याने डोळा धुवा आणि दवाखाना गाठा. काम पहाटे करा. टिनावर एकट्याने चढू नका. फळी टाकून तिच्यावर पाय द्या. सिमेंटच्या पत्र्यावर तर चढूच नका. तो एकदम फुटतो. तो घासू नका, त्याला भोकेही पाडू नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

दुसरे काम : तापल्या हवेला वाट द्या

दोनपाखी घराच्या दोन्ही टोकांना आढ्याखाली त्रिकोणी भिंत असते. त्या दोन्ही भिंतींत, जमेल तितका उंच, एकेक झरोका पाडावा. दीड फूट लांब आणि एक फूट उंच पुरे. झरोक्याला बारीक जाळी लावावी, म्हणजे खार, पाखरू, साप आत येत नाही. बाहेरून पत्र्याचे झापड लावावे, म्हणजे पाऊस आत येत नाही. भिंत कच्ची असेल तर गवंड्याला आधी विचारा.

नुसता वरचा झरोका पुरत नाही. खालूनही हवा आत यायला हवी. सावलीच्या बाजूची खिडकी त्यासाठी बरी. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. भर दुपारी बाहेरचा वारा तापलेला असतो. तेव्हा खालच्या खिडक्या लोटून घ्या. वरचे झरोके उघडे ठेवा. सूर्य मावळला की सर्व उघडा. रात्रभर गार वारा घरातून फिरू द्या. सकाळी आठ-नऊला पुन्हा लोटा.

कुलरचेही तसेच आहे. कुलर हवेत पाणी मिसळतो. ती ओली हवा बाहेर गेली नाही, तर घर दमट होते आणि घाम वाळत नाही. कुलरला बाहेरची कोरडी हवा हवी. समोरच्या बाजूने हवेला वाट हवी. त्या घरी आम्ही समोरची एक खिडकी उघडली. घटकाभरात चिकचिक कमी झाली. सून हसून म्हणाली, "म्हणजे आम्ही इतके दिवस पाण्यातच बसलो होतो की!"

तिसरे काम : मध्ये थर घाला

थंडीत आपण गोधडी पांघरतो. गोधडीच्या थरांत हवा अडकते. अडकलेली हवा उष्णता लवकर जाऊ देत नाही. थंडीत ती अंगाची ऊब राखते. उन्हाळ्यात अशीच गोधडी छपराखाली बांधली, तर वरची धग खाली येत नाही.

बांबूच्या तट्ट्यांचे छत हे त्याचे चांगले साधन आहे. आडवे बांबू बांधावे. त्यांच्यावर तट्टे बसवावे. तट्टे आणि पत्रा यांमध्ये निदान वीतभर जागा सोडावी. वरचे झरोके याच जागेत उघडले पाहिजेत, म्हणजे तापलेली हवा तिथूनच बाहेर जाते. पैसे नसतील तर धुतलेली पोती किंवा जुनी लुगडी शिवून छत बांधा. ते तट्ट्याइतके चांगले नाही. तरी पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही.

आगीला मात्र भ्या. चुलीच्या वर असे छत बांधू नका. विजेची उघडी तार छताला लागू देऊ नका. थर्माकोल स्वस्त मिळतो, पण तो भडकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. काही जण टिनावर तुराट्या, पऱ्हाट्या पसरतात. एक ठिणगी पुरते. ते करू नका.

माळ्यावर बियाणे ठेवू नका. सोयाबीनचे बी फार नाजूक असते. उष्णतेने त्याची उगवण कमी होते. पोती खाली, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहा. ७० किंवा जास्त उगवले तर बी चांगले.

आता हिशेब करू

ते घर १० फूट रुंद आणि २० फूट लांब होते. पाखी मात्र भिंतीबाहेर येतात आणि उतरती असतात. एक पाखे ७ फूट रुंद आणि २२ फूट लांब भरले. ७ गुणिले २२ म्हणजे १५४. दोन पाखी मिळून ३०८ चौरस फूट.

खालचे दर आम्ही हिशेबापुरते धरले आहेत. तुमच्या बाजारात विचारून तुमचे दर लिहा.

पहिले काम, चुना देणे :
चुना १५ किलो, दर २० रुपये : ३०० रुपये
पांढरा गोंद १ किलो : २०० रुपये
दोन कुंचे : १०० रुपये
एकूण ६०० रुपये. मेहनत घरची.

दुसरे काम, दोन झरोके :
गवंडी एक दिवस : ८०० रुपये
सिमेंट व रेती : २०० रुपये
जाळी : १५० रुपये
पत्र्याची दोन झापडे : २५० रुपये
एकूण १४०० रुपये.

तिसरे काम, तट्ट्यांचे छत :
तट्टे २१० चौरस फूट, दर २५ रुपये : ५२५० रुपये
बांबू १२, दर १०० रुपये : १२०० रुपये
तार व खिळे : ३०० रुपये
दोन माणसे एक दिवस : १२०० रुपये
एकूण ७९५० रुपये.

तिन्ही कामांचे मिळून ९९५० रुपये झाले. पहिली दोन कामे मात्र २००० रुपयांत होतात.

आता कुलर पाहा. २०० वॅटचा कुलर रोज १० तास चालला, तर रोज २ युनिट वीज लागते. ९० दिवसांत १८० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर १४४० रुपये. हा खर्च दरसाल आहे. शिवाय कुलरला रोज दोन-तीन घागरी पाणी लागते. भर उन्हाळ्यात ते पाणी बाईच्या डोक्यावरून येते. आणि लाईन गेली की कुलर बंद. झरोक्याला लाईन लागत नाही. ज्याच्याकडे कुलर आहे त्याने तो जरूर वापरावा. पण आधी छप्पर नीट करावे. मग कुलर थोडा चालवला तरी पुरतो.

पुढे काय झाले?

त्या घरच्यांनी पहिल्या वर्षी चुना दिला आणि झरोके पाडले. आतून जुन्या लुगड्यांचे छत बांधले. पुढच्या वर्षी सोयाबीन विकल्यावर तट्टे आणायचे ठरले. कारागीर आला. वर पाहून म्हणाला, "तीनशे फूट तट्टे लागतील."

सून आमच्या रात्रीच्या वर्गात येत होती. ती वही घेऊन आली. म्हणाली, "दादा, तीनशे फूट टीन आहे. तट्टे टिनाला नाही लागत, छताला लागतात. छत दहा गुणिले वीस. दोनशे फूट. काटछाटीला दहा धरा. दोनशे दहाच आणा."

कारागिराने फूटपट्टी लावली. हिशेब बरोबर निघाला. ९० फूट तट्टे वाचले, म्हणजे २२५० रुपये वाचले.

त्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. घर काही गारेगार झाले नव्हते. वैशाखात तसे होतही नाही. पण आजीची बाज घरात होती. ती नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. आम्हाला म्हणाली, "आता झाडाखाली नाही जात म्या. टीन निवलं बाप्पा."

ध्यानात ठेवा

उन्हात कोणाला गरगरले, अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, तर वेळ दवडू नका. त्याला सावलीत न्या. अंग पाण्याने ओले करा. वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ नंबरला फोन करा.

करून पाहा

१. दोन सारखे रिकामे पत्र्याचे डबे घ्या. एकाला बाहेरून चुना द्या. दोन्हींत सारखे पाणी घाला, झाकण लावा आणि तासभर उन्हात ठेवा. कोणते पाणी जास्त तापले?

२. आपल्या घराची एका पाख्याची लांबी आणि रुंदी मोजा. दोन्ही पाख्यांचे चौरस फूट काढा. मग घरातल्या छताचे काढा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.

३. चुना, गोंद आणि कुंचा यांचे आपल्या गावचे दर विचारा. पहिल्या कामाचा खर्च मांडा. तो शेजाऱ्याला वाचून दाखवा. शेजारी म्हातारे माणूस असेल, तर त्या घरी आधी जा.