उंच प्रदेश, मेंदू आणि रक्त : लेहला जाण्यापूर्वी



बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर झाले की पुढच्या सहलीसाठी लडाखचे नाव निघते. तेथील विहारांचे वर्णन या लेखात नाही. तेथील विरळ हवा आपल्या मेंदूचे आणि रक्ताचे काय करते, एवढेच सांगावयाचे आहे. कारण त्यातील एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष करून जाणून घेतली पाहिजे.

मुळा आणि पवना यांच्या मधली आपली सांगवी समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. उंचीचा आजार साधारणपणे २५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे आपल्या राज्यात राहून तो कोणाला होत नाही, आणि म्हणूनच आपल्याला त्याचे गांभीर्यही नाही. लेह ३५०० मीटरवर आहे. पुण्याहून रात्री निघालेला माणूस दिल्लीला विमान बदलून सकाळी तेथे उतरतो. प्राणवायूचे प्रमाण तेथील हवेतही शेकडा २१ च असते, पण हवेचा दाबच कमी असल्यामुळे एका श्वासात सांगवीच्या मानाने सुमारे ७० टक्केच प्राणवायू मिळतो.

याचा पहिला फटका मेंदूला बसतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळीसुद्धा शरीर वापरते त्यातला पाचवा हिस्सा प्राणवायू त्याला एकट्याला लागतो. तो कमी पडू लागला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. डोके दुखते, मळमळते, भूक जाते, झोप मोडते. बहुतेकांचे हे दोन-तीन दिवसांत निवळते. काहींच्या मेंदूला मात्र सूज येते. मग चाल बिघडते, बोलणे असंबद्ध होते आणि वेळीच खाली आणले नाही तर मृत्यू येतो.

यातील खरा धोका कोणता, हे एका जुन्या घटनेवरून समजेल. एप्रिल १८७५ मध्ये तीन फ्रेंच संशोधक 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून ८००० मीटरच्या वर गेले. प्राणवायूच्या पिशव्या त्यांच्याजवळच होत्या, पण त्या तोंडाशी धरण्याचे भान व शक्ती उरली नाही. दोघे मरण पावले. वाचलेल्या तिसांदिए यांनी लिहून ठेवले की वर असताना त्रास तर नाहीच, उलट आनंदच वाटत होता! लेहची उंची याच्या निम्मीही नाही. पण नियम तोच. धोका ओळखायचा तो मेंदूच आधी मंदावतो. म्हणून 'मला काही झालेले नाही' हे आजाऱ्याचे म्हणणे प्रमाण मानू नये. निर्णय सोबत्याने घ्यावा. शंका आली तर त्याला टाचेला पंजा लावून सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगावे. तोल गेला तर सकाळची वाट न पाहता खाली न्यावे व प्राणवायू द्यावा.

आपल्या देशाला हे ज्ञान सैनिकांकडून मिळाले आहे. १९६२ च्या युद्धात हजारो जवान मैदानातून एकदम उंचीवर न्यावे लागले. लडाखमध्ये त्या वेळी महार रेजिमेंटच्या मशीनगनच्या तुकड्याही होत्या. पुढे डॉ. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ हजार ते १८ हजार फुटांवर आजारी पडलेल्या १९२५ भारतीय जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. या विषयावरील लिखाणात जगभर त्याचा आजही उल्लेख होतो.

आता रक्ताकडे वळू. प्राणवायू कमी झाल्याचे मूत्रपिंडांना कळते. ती एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक सोडतात आणि अस्थिमज्जा अधिक तांबड्या पेशी तयार करू लागते. या कामाला आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत हिमोग्लोबिन वाढलेले दिसते ते रक्तातले पाणी कमी झाल्यामुळे. पाच दिवसांच्या प्रवाशाला नव्या पेशींचा लाभ जवळजवळ मिळतच नाही. २०१२ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोहोचले. अशा मोहिमांना कित्येक आठवडे लागतात, त्याचे एक मोठे कारण ही सवय होय.

पण पेशी जास्त तितके चांगले, असेही नाही. रक्त दाट होते, वाहिन्यांतून सरकेनासे होते, गुठळ्या होण्याचे भय वाढते. पेरू देशातील डोंगराळ भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांपैकी काहींना हा आजार होतो; डॉ. कार्लोस मोंगे यांनी १९२० च्या दशकात त्याचे वर्णन केले. तिबेटी लोकांचे मात्र तसे नाही. चार हजार मीटरवरही त्यांचे हिमोग्लोबिन मैदानातील माणसाच्या बरेच जवळ राहते. 'ईपास-१' या जनुकाचा त्यांच्यातील वेगळा प्रकार याला कारण असल्याचे २०१० मध्ये समोर आले. आणि तो डेनिसोव्हन नावाच्या, आता नष्ट झालेल्या मानवांकडून आला असावा, असे २०१४ मध्ये दिसून आले. त्यांच्या रक्तानेच मध्यम मार्ग धरला आहे, असे गमतीने म्हणता येईल.

आता आपल्या समाजाची गोष्ट. विदर्भातील आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच त्यावर लिहिले होते. विदर्भातून कारखान्यांच्या नोकरीसाठी पिंपरी-चिंचवडला आलेल्या कुटुंबांबरोबर तो वारसा इकडेही आला. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेला माणूस 'वाहक' असतो. तो शिफ्टची कामे करतो, कबड्डी खेळतो, त्याला सहसा काही होत नाही. त्यामुळे आपण वाहक आहोत हे अनेकांना ठाऊकच नसते. ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे त्यांनी उंचीवर जाण्याचा विचार डॉक्टरांच्या संमतीवाचून करूच नये. वाहकांपैकी बहुतेक लेहला जाऊन सुखरूप परत येतात. पण प्राणवायू कमी झाला की काहींच्या पेशी विळ्यासारख्या वाकून प्लीहेच्या (पाणथरीच्या) बारीक वाहिन्यांत अडकतात आणि प्लीहेचा भाग मरतो. डाव्या बरगडीखाली तीव्र दुखू लागते. लोक त्याला 'गॅस' समजून सोडा पितात.

यासाठी तिकीट काढण्याआधी सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यावी. साधी विद्राव्यता चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढे वाहक की आजारी हे ठरविण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. त्याचा कागद प्रवासात खिशात असू द्यावा. हृदयाचे किंवा दम्याचे रुग्ण, तसेच गरोदर भगिनी यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. डायमॉक्स ही गोळीही त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावी. लेहला पहिले दोन दिवस आराम, पाणी पुरेसे, मद्य नाही. शांतिस्तूपाच्या पायऱ्या तिसऱ्या दिवशी चढाव्यात. आणि डावी बरगडी दुखली तर तेथील डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, "मी सिकलसेल वाहक आहे." तो कागद तेव्हा दाखवावा.