पिंड कुठलं विचारलं तर

अगं, तुझा मेसेज सकाळीच वाचला, पण दिवसभर उत्तर दिलं नाही, कारण दोन ओळींत उरकण्यासारखं ते नव्हतं. तू अमृत घ्यायचं, म्हणजे दीक्षा घेऊन शीख व्हायचं म्हणतेस, याचं मला आश्चर्य नाही. चंदीगडला गेल्यापासून दोन वर्षं दर रविवारी लंगरमध्ये पोळ्या लाटतेस, हे आईलासुद्धा माहीत आहे. मी अडकले ते तुझ्या पुढच्या प्रश्नावर. "ताई, ते मला आपली मानतील का?"

मानतील. पण "ते" म्हणजे कोण, हे आधी नीट बघ. पंथ वेगळा आणि बिरादरी वेगळी. पंथाचं दार पहिल्याच दिवशी उघडतं. बिरादरीचं उघडेपर्यंत कधी कधी माणसाचे केस पांढरे होतात.

तिथल्या बीबी तुला विचारतात ना, "पिंड केहडा?", म्हणजे गाव कुठलं? आपल्याकडे "तुम्ही कुठले?" विचारून हळूच आडनावावर येतात, त्याच जातीचा तो प्रश्न. गाव कळलं की घराणं कळतं, घराणं कळलं की गोत. तू "नांदेड" म्हटलंस की त्यांचे हात आपोआप जोडले जातात, "हजूर साहिब!" मग तू शीख घरातली नाहीस हे कळलं की कौतुक दुप्पट. आमची पोरं केस कापतात, आणि ही बघा, मराठी मुलगी असून जपजी पाठ म्हणते! त्या कौतुकानं हुरळू नकोस, चिडूही नकोस. ते मनापासूनचं असतं. फक्त त्यात तू अजून पाहुणी असतेस. पाहुण्याला तव्यावरची गरम पोळी मिळते, घरच्यांच्या वाट्याला भांडी येतात. ज्या रविवारी एखादी बीबी सगळ्यांदेखत तुझ्यावर खेकसेल, कणीक किती सैल मळलीस म्हणून, त्या दिवशी मला फोन कर. पेढे वाटू.

अमेरिकेतल्या गोऱ्या शिखांचं असंच झालं. योग शिकवणारे योगी भजन १९६८ साली तिकडे गेले. त्यांच्या वर्गांना योगासनं शिकायला येणारी तरुण मुलं-मुली पुढे पांढरे कपडे आणि पगडी घालून शीख झाली, बायकांनीही पगडी बांधली. पंजाबी मंडळींनी त्यांना डोक्यावर घेतलं आणि मनात शंकाही धरली, की यात गुरूंचं किती आणि योगाचं किती? योगी भजन वारले २००४ साली. २०२० मध्ये त्यांच्यावर लैंगिक शोषणाचे आरोप झाले, आणि त्यांच्याच संस्थांनी नेमलेल्या चौकशीत त्यातले बरेचसे खरे असण्याची शक्यता जास्त, असा निष्कर्ष निघाला. ज्यांनी माणसाला धरलं होतं ते कोलमडले, ग्रंथाला धरलेले उभे राहिले. तूही कुणा बाबाच्या, कुणा भारी कीर्तनकाराच्या नादाने जाऊ नकोस. शिखांचा गुरू ग्रंथ आहे, दुसरा कुणी नाही.

आता याची दुसरी बाजू, जी कौतुक करणारे तुला सांगणार नाहीत. परदेशी माणूस शीख झाला की टाळ्या, आणि पंजाबातलाच दलित पिढ्यान् पिढ्या शीख असला तरी त्याला "मजहबी" ही ओळख चिकटलेली. काही गावांत गुरुद्वारे वेगळे, स्मशानंही वेगळी. १२ ऑक्टोबर १९२० ची गोष्ट तुला माहीत असायलाच हवी. ज्यांना खालच्या जातीचं म्हणत, अशा लोकांनी अमृतसरमध्ये अमृत घेतलं आणि ते कडाह प्रसाद घेऊन दरबार साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात गेले. पुजारी तो प्रसाद स्वीकारेनात. वाद झाला. शेवटी ग्रंथसाहिबातून हुकूम घ्यायचं ठरलं, आणि जे शब्द समोर आले ते आलेल्यांच्या बाजूचे होते. पुजाऱ्यांना प्रसाद घ्यावा लागला. तिथून मंडळी अकाल तख्ताकडे वळली, तर तिथले पुजारी जागा सोडून निघून गेले होते! त्याच गडबडीतून पुढच्या महिन्यात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी उभी राहिली. म्हणजे ज्या कमिटीच्या हातात आज दरबार साहिबचा कारभार आहे, तिचा जन्म "नव्यांना आत घ्यायचं की नाही" या भांडणातला आहे. मला तरी या गोष्टीत शिखांचं सगळं आलंसं वाटतं. माणसं अडवतात, आणि ग्रंथ माणसांना गप्प करतो.

बाबासाहेबांनीही १९३५-३६ मध्ये या वाटेचा गंभीरपणे विचार केला होता. शेवटी ते १९५६ ला नागपुरात बौद्ध झाले. का, यावर लोक पुस्तकं लिहितात, मी पडत नाही त्यात.

लग्नाचं मात्र आत्ताच बोलते, नंतर रडू नकोस. जातपात न बघता शिखानं शिखाशी लग्न करावं, असं रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, स्पष्ट आहे. आणि रविवारच्या पेपरातल्या जाहिराती उघड, जट शीख, रामगढिया, खत्री असे कप्पे पाडून ठेवलेले. लंगरमध्ये तुझ्या शेजारी बसून जेवणारी बाई मुलासाठी स्थळ बघताना तुला सहज ओलांडून पुढे जाईल. त्यात तुझा दोष नाही, तिच्या धर्माचाही नाही. आपल्याकडे काय वेगळं आहे?

आणखी एक. आपले मामा म्हणतील, "शीख म्हणजे हिंदूच की, मग एवढं काय?" घरात म्हणू देत. तू हे वाक्य गुरुद्वाऱ्यात चुकूनही बोलू नकोस. शंभर-सव्वाशे वर्षं ही मंडळी आपण वेगळे आहोत हे सांगत आली आहेत. नामदेवांचंही तसंच. पंजाबात घुमानला २०१५ साली मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा आपण "आमचे नामदेव, आमचे नामदेव" करून आलो. त्यांच्यासाठी ते भगत नामदेवजी आहेत, ज्यांच्या ग्रंथातल्या एकसष्ट पदांपुढे ते रोज माथा टेकतात. हक्क सांगू नकोस, ऐक.

मिरवायचंच असलं तर पंज प्यारे आठव. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला शीर द्यायला उठलेले ते पाच. एक लाहोरचा. बाकीचे हस्तिनापूर, जगन्नाथपुरी, द्वारका आणि आपल्या शेजारच्या बिदरचे. बिदरचा तो न्हावी. त्या पाचांना अमृत देऊन झाल्यावर गुरु गोबिंदसिंगांनी त्यांच्याचकडून स्वतः अमृत घेतलं. बाहेरून आलेल्यांच्या हातून.

म्हणून घाई नको. आधी गुरमुखीची पैंती, म्हणजे ती पस्तीस अक्षरं, नीट बसव. ग्रंथ स्वतः वाचता येईल तेव्हाच कुणावर अवलंबून राहणार नाहीस. केसांचा विचार कर, अगदी खालच्या पातळीवर जाऊन कर. भुवया कोरणं बंद, वॅक्सिंग बंद, आणि पुढच्या महिन्यात चुलतबहिणीचं लग्न आहे, जिथे चार काकू टक लावून बघणार आहेत. पगडी बांधायची की नाही हे बाईवर सोडलेलं आहे, केस ठेवायचे की नाही हे नाही. एवढं सहा महिने पाळून बघ. जमलं तर बाकीचं जमेल.

आणि ज्या दिवशी खरंच घेशील, त्या दिवशी पाचजण एकाच बाट्यातलं, म्हणजे लोखंडी वाडग्यातलं, बत्ताशाचं पाणी तुला पाच वेळा पाजतील, डोळ्यांवर शिंपडतील, केसांत घालतील. तुझ्यासोबत जे कुणी असतील, जट असोत की मजहबी, सगळ्यांना त्याच बाट्यातलं. मग सांगतील, आजपासून पिता गुरु गोबिंदसिंग, माता साहिब कौर, जन्म केसगढ साहिबचा, वास आनंदपूर साहिबचा. पिंडाचा प्रश्न पंथाच्या बाजूने तिथे मिटतो. बीबी त्यानंतरही विचारतील.

तोवर नांदेडच सांग. आणि आईला तू स्वतः फोन कर, आज रात्रीच. तिला हे माझ्या तोंडून कळायला नको.