सेवा करायचीय? आधी गोवराचा दाखला काढा

जर्मनीत आरोग्यविमा सक्तीचा, मग इथे मोफत दवाखाने हवेत कशाला, असं नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो. उत्तर हवं तर श्लेस्विग-होल्स्टाइनमधल्या बाड सेगेबर्गकडे बघा. त्या छोट्या गावात २०१० साली डॉ. उवे डेंकर यांनी निवृत्तीनंतर विमा नसलेल्यांसाठी ‘प्राक्सिस ओने ग्रेन्झेन’ हा दवाखाना काढला. तिथे परदेशी लोक येतातच, पण धंदा बसलेले, खासगी विम्याचे हप्ते थकलेले जर्मनही येतात. खासगी हप्ता कमाई घटली म्हणून कमी होत नाही. तो थकला की उपचार जवळपास तातडीच्या दुखण्यापुरतेच.

मी अशाच एका खेड्यातल्या दवाखान्यात मदतीला जाते. आमच्याकडे एक सुतार आले होते. शर्टाला कडक इस्त्री, बूट चकचकीत आणि वरचा रक्तदाब दोनशेच्या घरात. पुरवून पुरवून गोळ्या अर्ध्या करून घेत होते. अशा माणसाला ‘हप्ते का नाही भरले?’ हे विचारायचं नाही. ते स्वतःला रोज विचारतच असतात.

अशा दवाखान्यात मदतीला यायचं असेल तर आधी नियम ऐका. तुम्ही एम.बी.बी.एस. असाल, पण अप्रोबेशन (डॉक्टरकीचा कायमचा परवाना) किंवा तात्पुरता परवाना मिळेपर्यंत इथे डॉक्टर नाही. पैसे घेत नाही म्हणून कायदा डोळेझाक करत नाही. आईने बॅगेत भरून दिलेल्या गोळ्या तर कुणाला देऊच नका. १९७० नंतर जन्मलेल्यांना दवाखान्यात फुकट काम करायलाही गोवर-प्रतिबंधाचा पुरावा लागतो, हा २०२० पासूनचा नियम. लहानपणीचं लसीचं कार्ड कुणाकडे सापडतंय! सरळ रक्त तपासून घ्या.

मग काम काय? नोंदणी, फोन आणि मुख्य म्हणजे भाषा. मराठी पेशंट क्वचितच येईल, पण पंजाबी, पाकिस्तानी, नेपाळी माणसांशी आपली हिंदी चालते. पेशंट बाई काय म्हणाली तेवढंच सांगा, आपलं निदान मध्ये घुसडू नका. आणि तिच्या नवऱ्याला दुभाष्या करू नका.

सगळ्यात जपायचं ते सल्ला देताना. व्हिसा संपलेल्या एका गरोदर बाईला आमची एक स्वयंसेविका मोठ्या मायेने समाजकल्याण कार्यालयाचा पत्ता लिहून देत होती. आमच्या वयस्कर नर्सबाईंनी तो कागद काढून घेतला आणि फाडला. निवास कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे बेकायदा राहणाऱ्याची माहिती त्या कार्यालयाला परदेशी नागरिक विभागाकडे कळवावी लागते. डॉक्टर मात्र गुप्ततेने बांधलेले असतात, आणि जिवावर बेतलं असताना इस्पितळात गेलेल्या माणसाच्या बाबतीत ही गुप्तता बिल भरणाऱ्या कार्यालयापर्यंत लागू होते. म्हणून पत्ता द्यायचाच तर जवळच्या मेडिनेट्झ या स्वयंसेवी गटाचा किंवा माल्टेझर या मदतसंस्थेच्या दवाखान्याचा द्या. तिथे नाव न सांगताही तपासतात.