दुर्गम कार्यस्थळांवरील नोंदी : कागदाकडून संगणकाकडे

नोंद ही झालेल्या कामाची केवळ साक्ष नसते. पुढे येणाऱ्या माणसाला दिलेली ती सूचना असते. दिवसपाळीने काय केले, काय अर्धवट ठेवले आणि कोणत्या यंत्राला हात लावू नये, हे रात्रपाळीला कळते ते मुख्यतः नोंदीतून. शहरातील कारखान्यात शंका आली तर संबंधिताला बोलावून घेता येते. समुद्रातील तेलफलाट, जंगलातील खाण किंवा डोंगरावरील वीजवाहिनी अशा ठिकाणी ही सोय नसते. मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटर अंतरावर समुद्रात १९७४ साली तेल सापडले, तेव्हापासून अशी कार्यस्थळे आपल्याही परिचयाची झाली आहेत. तेथील नोंदवह्यांची जागा आता डिजिटल साधने घेऊ लागली आहेत. हा बदल कशासाठी करावयाचा आणि तो करताना कोणती दक्षता घ्यावयाची, याचा विचार परदेशातील दोन दुर्घटनांच्या आधारे येथे केला आहे.

कागदाचे गुण आणि मर्यादा

कागदाला कमी लेखण्याचे कारण नाही. त्याला वीज लागत नाही, केलेली खाडाखोड डोळ्यांना दिसते आणि सही कोणाची हे ओळखता येते. पण एक कागद एका वेळी एकाच ठिकाणी असतो. तो भिजतो, तेलाने माखतो आणि मुख्य कार्यालयात उशिरा पोहोचतो. तेथे तो दुसऱ्या वहीत उतरविताना आणखी चुका होतात. सर्वांत मोठी उणीव अशी की, दोन कागद एकत्र वाचावयास हवे असतील, तर ते कोणीतरी आठवणीने शेजारी ठेवावे लागतात. ते राहून गेले तर काय घडते, हे उत्तर समुद्राने जगाला दाखविले.

पायपर अल्फाचा धडा

स्कॉटलंडमधील ॲबर्डीनपासून सुमारे १९० किलोमीटर दूर, उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेलफलाट होता. धोक्याच्या ठिकाणी दुरुस्तीपूर्वी लेखी काम-परवाना घ्यावा आणि काम पुरे झाल्यावर तो तपासून बंद करावा, अशी पद्धत तेथे होती. ६ जुलै १९८८ रोजी द्रवरूप इंधन ढकलणाऱ्या दोन पंपांपैकी ‘अ’ पंपाशी संबंधित दोन वेगवेगळे परवाने होते. एक पंपाच्या नियतकालिक दुरुस्तीचा आणि दुसरा त्याच्या सुरक्षा झडपेच्या तपासणीचा. झडप काढून तिच्या जागी धातूचे तात्पुरते झाकण बसविले होते. सायंकाळपर्यंत झडप परत बसविता आली नाही, म्हणून तो परवाना स्थगित ठेवण्यात आला.

रात्री पावणेदहाच्या सुमारास ‘ब’ पंप बंद पडला आणि पुन्हा सुरू होईना. रात्रपाळीला पंपाच्या दुरुस्तीचा परवाना ठाऊक होता. ती दुरुस्ती प्रत्यक्षात सुरू झाली नव्हती, म्हणून ‘अ’ पंप वापरता येईल असा त्यांचा समज झाला. झडप जागेवर नाही, हे पाळी बदलताना त्यांना सांगितले गेले नव्हते. स्थगित परवाने नियंत्रण कक्षात नसून सुरक्षा अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठेवले जात, आणि झडपेची जागाही पंपापासून सहज दिसणारी नव्हती. पंप सुरू करताच झाकणातून वायू सुटला आणि दहाच्या सुमारास स्फोट झाला. पाठोपाठच्या आगीत १६७ माणसे प्राणास मुकली. फलाटावरील केवळ ६१ जण वाचले.

लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात १९९० साली १०६ शिफारशी करण्यात आल्या. परवान्याची पद्धत लिहिलेली होती, पण प्रत्यक्षात ती नेहमीच काटेकोरपणे पाळली जात नव्हती, हेही चौकशीत दिसून आले.

संगणकीय परवाना-पद्धतीचे महत्त्व येथे कळते. एका यंत्रावरील सर्व चालू व स्थगित परवाने तीत एकाच पडद्यावर दिसतात, नियंत्रण कक्षात आणि किनाऱ्यावरील कार्यालयातही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पंपाचा क्रमांक वेगळा असतो आणि झडपेचा वेगळा. ही झडप या पंपाची आहे, हे संगणकाला आधी जाणकार माणसानेच सांगावे लागते. ते सांगितले नसेल, तर दोन नोंदी पडद्यावरही एकमेकींना अनोळखीच राहतात.

चूक कागदावरून पडद्यावर

दुसरे उदाहरण अमेरिकेचे आहे. कॅलिफोर्नियातील सॅन ब्रूनो येथे ९ सप्टेंबर २०१० रोजी जमिनीखालील वायुवाहिनी फुटून ८ जण मरण पावले व ३८ घरे नष्ट झाली. ही वाहिनी १९५६ साली टाकलेली होती. तिची माहिती संगणकीय नकाशात होती आणि त्या जागी सांधाविरहित नळ असल्याचे त्यात नमूद होते. प्रत्यक्षात तो नळ लांबीच्या दिशेने सांधलेला होता आणि ते सांधकाम सदोष होते. जुन्या कागदातील चूक तशीच नकाशात उतरली होती. छापील, नीटनेटकी माहिती खरी वाटते, हाच यातील धोका होय. म्हणून जुने दप्तर संगणकात घेताना ते जागेवर पडताळून घेणे आवश्यक आहे. जे पडताळता येत नाही, त्यापुढे तसे स्पष्ट लिहिले पाहिजे.

साधन कसे असावे?

ज्वालाग्राही वायूच्या परिसरात साधा मोबाईलही ठिणगीचे कारण ठरू शकतो. तेथे ठिणगी न पडणारी खास बनावटीची साधनेच वापरावी लागतात. संपर्कयंत्रणा नसतानाही नोंद घेता यावी आणि ती पुढे आपोआप पाठविली जावी. नोंद कधी केली आणि ती कधी पोहोचली, या दोन्ही वेळा वेगळ्या दिसाव्यात. हातमोजे घालून व भर उन्हात पडदा वापरता यावा. साधन बंद पडल्यास तात्पुरती कागदी नोंद कोठे व कशी करावयाची, हेही आधी ठरलेले असावे.

आपल्यासाठी बोध

हा विचार केवळ तेलफलाटांपुरता नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः शेतातून मोबाईलवर पिकाची नोंद व छायाचित्र पाठवू लागला. जो पाहतो त्यानेच, जागेवर आणि त्याच वेळी लिहावे, हे तत्त्व येथेही तेच आहे. ज्यांच्या हाती साधन नाही किंवा ज्यांना ते वापरता येत नाही, त्यांची नोंद राहून जाऊ नये, यासाठी पंचायत सदस्य व शिक्षक यांना मोलाचे साहाय्य करता येईल.

कोणतीही नोंदवही बंद करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही नोंद पुढे कोण वाचणार आहे? तिच्याबरोबर दुसरी कोणती नोंद वाचली गेली पाहिजे? आणि ती खरी आहे, हे जागेवर जाऊन कोण पाहणार आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या कार्यालयापाशी आहेत, त्याने नवे साधन निःशंकपणे स्वीकारावे. ती नसतील, तर यंत्रखरेदीपूर्वी ती शोधण्याचे काम हाती घ्यावे.