भाडं येतं, पण घर टिकेल का?

प्रश्न : हाती १५ लाख आहेत. नालासोपारा पूर्वेला २२ लाखांची सदनिका कर्जावर घ्यावी, की १२ लाखांत रोखीने कागद नसलेली खोली? भाडं दोन्हीकडे आठ हजार मिळेल.

उत्तर : रोखीची खोली घेऊच नका. नालासोपारा पूर्वेच्याच अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून वसई-विरार महापालिकेने २०२४-२५ मध्ये पाडल्या; भाडं येतंय म्हणून इमारत वैध ठरत नाही. ‘बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद चोख’ हेही मानू नका. बनावट बांधकाम परवानग्या वसई-विरारमध्येच उघड झाल्या आहेत, म्हणून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः महापालिकेत पडताळा.

कर्ज मात्र बेताचं घ्या. १७ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं महिना सुमारे १४,७५० हप्ता बसतो; १३ लाख स्वतःचे घातले, तर नऊ लाखांवर ७,८००, म्हणजे भाड्यात भागेल इतका. उरलेले दोन लाख मुद्रांक, नोंदणीला लागतील. किंमत वाढेल म्हणून मोठं कर्ज घ्यावं, असं एजंट सांगेल. पण वाढलेली किंमत दरमहाचा हप्ता भरत नाही. देखभाल खर्च आणि रिकामे महिने तर खिशातूनच जातात. आणि भाडेकरू ओळखीचा असला, तरी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाचीच असते.