वेरूळचे कैलास लेणे

घर बांधताना आपण आधी पाया खणतो. मग भिंती उभ्या राहतात आणि शेवटी छप्पर चढते. जगातील बहुतेक इमारती अशाच खालून वर वाढत जातात. पण महाराष्ट्रात एक मंदिर असे आहे, की त्याचे शिखर आधी झाले आणि पाया शेवटी! कारण ते बांधलेले नाही, कोरलेले आहे. त्याचे नाव कैलास लेणे. चला मुलांनो, आज आपण हे लेणे पाहू या.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरापासून वेरूळ सुमारे 30 किलोमीटरवर आहे. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. पुढे सूफी संतांच्या दर्ग्यांसाठी प्रसिद्ध असलेले खुलताबाद येते. ते ओलांडले, की डोंगराच्या कुशीत वेरूळची लेणी दिसतात. येथे 34 लेणी आहेत. त्यांपैकी 12 बौद्ध, 17 हिंदू आणि 5 जैन आहेत. तीन धर्मांचे लोक एकाच डोंगरात शेजारी शेजारी आपापली लेणी खोदत होते. 1983 साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. कैलास हे त्यांतील सोळावे लेणे.

हे मंदिर मुख्यतः राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकात तयार झाले. त्याच्या आधीच काम सुरू झाले असावे व पुढेही चालू राहिले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. राष्ट्रकूट राजांची कीर्ती अरबस्तानापर्यंत पोहोचली होती. अरबी लेखक त्यांना 'बल्हारा' म्हणत. इ. स. 851 च्या एका अरबी प्रवासवर्णनात जगातील चार मोठ्या राजांमध्ये बल्हाराची गणना केली आहे. दहाव्या शतकातील अल-मसूदी या प्रवाशाने, बल्हाराच्या राज्यात मुसलमानांना मान व संरक्षण मिळते, असे लिहून ठेवले आहे.

आता आपण दुमजली प्रवेशद्वारातून आत जाऊ. समोरच कमळांच्या तळ्यात बसलेली गजलक्ष्मी दिसते. दोन्ही बाजूंचे हत्ती तिच्यावर पाणी घालत आहेत. तिला वळसा घालून आपण अंगणात येतो. जरा थांबा आणि चारी बाजूंना पाहा. हे अंगण सुमारे 82 मीटर लांब व 46 मीटर रुंद आहे. मागचा कडा जवळजवळ दहा मजली इमारतीएवढा उंच आहे. एके काळी ही सगळी जागा दगडाने भरलेली होती. आपण उभे आहोत तेथेही काळा, कठीण बेसाल्ट खडकच होता!

मग हे काम झाले कसे? पाथरवट डोंगराच्या माथ्यावर गेले. त्यांनी तीन बाजूंनी खोल चर खोदले. मध्ये एक प्रचंड खडक सुटा झाला. मग वरून सुरुवात करून त्यांनी आधी शिखर घडवले, नंतर छत, नंतर खांब व भिंती. जसजसे काम खाली उतरत गेले, तसतसे मंदिर वर उभे राहिलेले दिसू लागले. उभे राहायला खडकच होता, म्हणून मोठ्या पराती बांधण्याची गरज पडली नाही. सुमारे दीड ते दोन लाख टन दगड फोडून बाहेर काढला असावा, असा अंदाज आहे. हत्यारे होती हातोडा, छिन्नी आणि टाकी.

आता डावीकडून प्रदक्षिणा घालू. अंगणात दगडी हत्ती उभे आहेत आणि दोन उंच स्तंभ आहेत. उत्तरेकडे गंगा, यमुना व सरस्वती या नद्यांच्या मूर्ती आहेत. मंदिराच्या भिंतीवर महाभारतातील प्रसंग ओळीने कोरलेले आहेत. जणू दगडातील चित्रकथाच! मंदिराच्या तळाशी पाहा. हत्ती आणि सिंहांची रांग आहे. सारे मंदिर त्यांनीच पाठीवर तोलून धरले आहे, असे वाटते.

मागून वळून दक्षिणेकडे या. येथे रामायणातील प्रसंग आहेत. सेतू बांधणारी वानरसेना त्यात शोधून काढा. जवळच या लेण्यातील सर्वांत प्रसिद्ध शिल्प आहे. रावण आपल्या अनेक हातांनी कैलास पर्वत हलवत आहे. वर बसलेली पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे. एक दासी पळत सुटली आहे. शंकर मात्र शांत आहे. एकाच दगडात भीती, गर्व आणि शांती अशा तीन भावना कलावंताने दाखवल्या आहेत.

जिना चढून वर गेले, की सोळा खांबांचे सभागृह लागते. आत अंधार आहे. डोळे सरावले, की नक्षी हळूहळू दिसू लागते. गाभाऱ्यात शिवलिंग आहे. आपण कोणत्याही धर्माचे असलो, तरी ही दुसऱ्याच्या श्रद्धेची जागा आहे, हे ध्यानात ठेवून येथे हळू बोलावे. बाहेरच्या छतावर जुन्या रंगांचे थोडे अवशेष उरले आहेत. पूर्वी या मंदिरावर गिलावा व रंग होता. म्हणून लोक त्याला 'रंगमहाल' असेही म्हणत.

या मंदिराविषयी 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात एक कथा आहे. राजा आजारी पडला. राणीने नवस केला, "राजा बरा झाला, तर मी शिवमंदिर बांधीन आणि त्याचे शिखर पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही." राजा बरा झाला. पण शिखर दिसायला तर कित्येक महिने लागणार! तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला. त्याने डोंगराच्या माथ्यापासून काम सुरू केले आणि थोड्याच दिवसांत राणीला शिखर दाखवले. ही दंतकथा आहे. पण 'वरून खाली' या युक्तीचे लोकांना किती नवल वाटत होते, हे तिच्यावरून समजते.

नवल तर कारागिरालाही वाटले! राष्ट्रकूटांच्या एका ताम्रपटात वेरूळच्या अशाच मंदिराचे वर्णन आहे. हे आपल्या हातून कसे घडले, असा प्रश्न ते घडवणाऱ्यालाच पडला, असे त्यात म्हटले आहे. हा ताम्रपट नवव्या शतकाच्या आरंभीचा आहे.

मातीची मूर्ती करताना चुकले, तर आपण पुन्हा माती लावतो. वहीत चुकले, तर खोडरबर वापरतो. दगडाच्या कामात ही सोय नाही. एकदा उडालेला टवका परत बसत नाही. खांब चुकून तोडला, तर दुसरा आणायचा कोठून? सारे मंदिर एकाच खडकाचे! म्हणून प्रत्येक घाव विचार करून घालावा लागला.

हाच नियम आज आपल्यालाही लागू आहे. अनेक जुन्या वास्तूंच्या भिंतींवर लोक खिळ्याने आपली नावे कोरतात. ज्या पाथरवटांनी हा डोंगर घडवला, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आणि ज्याने काहीच घडवले नाही, त्याचे नाव मात्र भिंतीवर! 2010 मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण कायद्याच्या भीतीपेक्षा समज मोठी. येथे बाराशे वर्षे टिकलेले एक बोट तुटले, तर ते पुन्हा उगवणार नाही, एवढे कळले तरी पुरे.

शब्दार्थ
पाथरवट – दगड घडवणारा, संगतराश
टाकी – दगड घडवण्याचे हत्यार
पराती – उंचावर काम करण्यासाठी बांधलेला बांबूंचा सांगाडा
गाभारा – मंदिरातील मूर्तीची आतली खोली
गिलावा – भिंतीवर दिलेला लेप
ताम्रपट – तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख
दंतकथा – तोंडातोंडी चालत आलेली गोष्ट
टवका – दगडाचा उडालेला लहान तुकडा

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वेरूळला एकूण किती लेणी आहेत?
(आ) अरबी लेखक राष्ट्रकूट राजांना काय म्हणत?
(इ) कैलास लेण्याला 'रंगमहाल' का म्हणत?
2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कैलास लेणे वरून खाली कसे कोरले?
(आ) दगडाच्या कामात चूक का चालत नाही?
3. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' या म्हणीचा अर्थ शिक्षकांकडून समजून घ्या व तशा अर्थाची उर्दू म्हण शोधा.
4. उपक्रम : तुमच्या गावाजवळील मंदिर, मशीद, किल्ला किंवा बारव यांपैकी एक जुनी वास्तू पाहा. तिची माहिती दहा ओळींत मराठीत लिहा.