विकाल आणि सार्वजनिक उद्यान

‘जमावबंदी’ आणि ‘संचारबंदी’ हे शब्द वृत्तपत्रांत जोडीने येतात. परंतु पहिलीत एकत्र जमण्यास मनाई असते, तर दुसरीत घराबाहेर पडण्यासच. आपल्याकडे ही बंधने बहुधा तात्पुरती व सर्वांसाठी असतात. अमेरिकेतील अनेक शहरांत मात्र केवळ अल्पवयीनांसाठी रात्रीची कायम संचारबंदी आहे. तिचा अभ्यास वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने अवश्य करावा. सायंकाळी फाटक बंद होताना ‘का?’ हा प्रश्न त्यालाही पडतोच.

14 मे 2022 रोजी शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाचा गोळीबारात मृत्यू झाला. दुसऱ्याच दिवशी महापौर लोरी लाइटफूट यांनी जाहीर केले की, गुरुवार ते रविवार सायंकाळी सहानंतर प्रौढ व्यक्ती सोबत नसलेल्या अल्पवयीनांना या उद्यानात थांबता येणार नाही. पाठोपाठ शहरभरची शुक्रवार-शनिवारची रात्री 11 ची मर्यादा 10 वर आणण्यात आली व सतरा वर्षांच्या मुलांनाही ती लागू झाली. हेतू रक्षणाचा होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु नियमाचा बडगा कोणत्या वस्तीतील, कोणत्या वर्णाच्या मुलांवर अधिक पडेल, ही शंका तेथील नागरी हक्क संघटनांनी तेव्हाच मांडली. अशा संचारबंदीवरील 12 अभ्यासांचा कॅम्पबेल कोलॅबोरेशनने 2016 मध्ये जो आढावा घेतला, त्यात तिच्यामुळे गुन्हे घटतात असे दिसून आले नव्हते.

विनयपिटकातील 85 वा पाचित्तिय नियम येथे आठवतो. मध्यान्ह टळल्यापासून अरुणोदयापर्यंतचा काळ म्हणजे विकाल. छब्बग्गिय भिक्खू विकाली गावात जाऊन निरर्थक गप्पा मारीत बसत. लोकांनी नापसंती दर्शविली आणि भगवंतांनी विकाली ग्रामप्रवेशास मनाई केली. पुढे कोसल देशातून प्रवास करणारे काही भिक्खू सायंकाळी एका गावाशी पोहोचले. गावकरी आत बोलावीत होते, पण नियम आडवा आला. भिक्खू बाहेरच राहिले आणि चोरांनी त्यांना लुटले. तेव्हा सोबतच्या भिक्खूस विचारून जाण्याची मुभा मिळाली. नंतर एकट्या भिक्खूवरही तोच प्रसंग आला. मग विचारण्यास कोणी हजर असेल तरच विचारावे, असे ठरले. पुढे एका भिक्खूस सर्पदंश झाला. दुसरा विस्तव आणण्यास निघाला, तोही नियमापाशी अडखळला. तेव्हा निकडीच्या कार्याचा अपवाद आला. (नियम करणाऱ्याने तो इतक्या वेळा बदलावा, यात काहींना दुबळेपणा दिसेल, मला तर हेच विनयाचे सामर्थ्य वाटते.) रक्षणासाठी केलेला नियमच माणसाला उघड्यावर टाकू लागला, तेव्हा दोष अडखळणाऱ्या भिक्खूच्या माथी मारला गेला नाही.

‘आराम’ या पाली शब्दाचा अर्थच उद्यान. बिंबिसाराने दिलेले वेळुवन गावापासून फार दूर नव्हते, फार जवळही नव्हते. दिवसा गर्दी नसे, रात्री शांतता असे. सार्वजनिक जागेत कोण येऊ शकतो, हा प्रश्न मात्र आपल्याला 1927 च्या महाडच्या चवदार तळ्याने शिकविला. संविधानाच्या 15(2) अनुच्छेदानुसार विहिरी, तलाव, रस्ते व सार्वजनिक वापराच्या जागा यांबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येत नाही. या यादीत वय नाही, हे विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. म्हणून वयावर आधारलेली बंदी तेवढ्याने अवैध ठरत नाही; ती अनुच्छेद 14 मधील समानतेच्या व 19(1)(घ) मधील संचारस्वातंत्र्याच्या कसोटीवर तपासावी लागते. बंधन वाजवी आहे काय, हा प्रश्न तेथे उभा राहतो.

वाजवीपणा शोधताना अपवाद आधी वाचावेत. वॉशिंग्टनच्या 1995 च्या संचारबंदी कायद्यात पालकांच्या सांगण्यावरून केलेले काम, नोकरी, आणीबाणीचा प्रसंग, धार्मिक वा शालेय कार्यक्रम यांना सूट होती. 1999 मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. मिलेनियम पार्कच्या नियमात मात्र मुख्य अट सोबतच्या प्रौढाची. ज्याचे आईवडील दोघेही सायंकाळच्या पाळीवर आहेत, त्या मुलाने सात वाजता उद्यानात कोणाला सोबत न्यावे?